कुणालाही घेतात ते कॉलेज

"सुयुंचू! सापारबेक भावोजी, सुयुंचू काढा!"

बुरूलसून काकूचा आवाज आधी कुंपण ओलांडून आला आणि मागून काकू आली. एका हातात पिठाचे लाटणे, दुसऱ्या हातात जिपारचा फोन. वस्तीत फोनला रेंज फक्त काकूच्या खिडकीत यायची, म्हणून जिपारचा फोन दिवसभर तिथेच पडून असे.

जिपार तेव्हा गाईखाली बसून दूध काढत होती. "काय झालं काकू?"

"घेतलं गं तुला! कॉलेजात घेतलं!"

सापारबेकने हातातले खोरे टाकले. आनंदाची बातमी जो पहिल्यांदा आणतो त्याला सुयुंचू द्यावी लागते, आणि त्यात हात आखडता घेणाऱ्याला नारीनच्या मुलखात तोंड दाखवायला जागा उरत नाही. "माग, काय मागतेस ते!"

"काळ्या कानांची मेंढी," काकू म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही. त्या मेंढीवर तिचा डोळा वसंतापासूनच होता.

"नेली समज! अगं सलामत, ऐकलंस का? राजधानीच्या विद्यापीठात गेली आपली पोर! दारातून शंभरांना हाकलतात आणि एकाला आत घेतात तिथे!"

सलामतने चुलीपुढून उठून लेकीच्या डोक्यावरून मूठभर लिमलेटच्या गोळ्या उधळल्या. एक गाईच्या पाठीवर पडली आणि गाईने बादलीला लाथ घातली.

"कुठल्या कॉलेजात, काकू?" जिपारने विचारले.

"कुठल्या म्हणजे? घेतलं म्हणजे घेतलं! एवढं वाचलं आणि धावत सुटले. मुकायची बायको पण खिडकीशी आली होती ना, ती आधी पोचली असती तर!"

जिपारने ओले हात परकराला पुसून फोन पाहिला. तिने मजकूर दोनदा वाचला. बातमी नदीपलीकडच्या पशुवैद्यक कॉलेजची होती. तिथला अर्ज तिने स्वतः केला होता, गुपचूप. राजधानीचा अर्ज बाबांनी केला होता, उघडपणे, वस्तीतल्या चार माणसांना बाजूला बसवून.

"बाबा, ऐका ना..."

"आधी मेंढरू बघतो. सगळ्यांना बोलवायला हवं!"

मेंढराजवळ गाठले तर म्हणाले, "सुरी दे." पाणी तापवताना गाठले तर म्हणाले, "लाकडं आण." शेवटी तिने आईला सांगितले. सलामत कढईत बोर्सोकचे कणकेचे तुकडे तळत होती. तिचा झारा हवेतच थांबला.

"अगं बाई! आणि ती मेंढी?"

"मेंढीचं राहू दे. बाबांना कोण सांगणार?"

"जेवणं होऊ देत. जेवलेले असले की ते जरा कमी ओरडतात."

पण जेवणं व्हायच्या आधीच मुकाय आला. मुकाय म्हणजे शेजारी, आणि त्याचा मुलगा दानियार गेल्या वर्षीपासून राजधानीच्या त्याच विद्यापीठात. ही गोष्ट मुकाय नमस्काराच्या आधी सांगत असे. मानाच्या जागी ऐंशी पार केलेले तोक्तोसून आजोबा बसले होते. त्यांच्यापुढे सापारबेकने मेंढराचे डोके ठेवले, वयाप्रमाणे मांसासकट मानाची हाडे वाटली, आणि आता सगळे सुऱ्या काढणार तेवढ्यात मुकाय म्हणाला,

"मग जिपार, आता दानियारच्या शेजारच्या बाकावर का?"

जिपार चहाचे पेले भरत होती. तिने किटली खाली ठेवली. खोटे बोलायला फार जागा होती, पण तिला ते नको होते.

"नाही काका. मला पशुवैद्यक कॉलेजने घेतलंय. नदीपलीकडच्या. मला तिथेच जायचंय."

सापारबेकच्या हातातले हाड ताटात परत पडले. मग उठून त्याने काकूला कोपऱ्यात ओढून नेले. आवाज दबका होता, पण खोली एकच होती.

"वहिनी, मेंढी परत दे."

"का म्हणून? बातमी आणली की नाही?"

"चुकीची आणलीस!"

"मी म्हटलं, घेतलं. तुम्ही विचारलंत कुठे? दिलेली सुयुंचू परत मागणारा मी पहिलाच बघतेय. ऐका हो सगळे, हे मेंढी परत मागतायत!"

मुकायला हसू आवरेना. "अरे सापारबेक, चिडतोस कशाला! तिथे काय, कुणालाही घेतात. आमचा बोकड पाठव, त्यालाही घेतील. पहिला नंबर काढून येईल!"

सगळे हसले. जिपारचे कान तापले. ती काही बोलणार तोच बाबा ताडकन वळले. लेकीवरचा राग त्यांच्या चेहऱ्यावर तसाच होता, पण तो निघाला भलतीकडेच.

"कुणालाही घेतात? बरं. मुकाय, तोक्तोसून आजोबांच्या दारातून कधी पाहुणा परत गेलाय?"

"नाही."

"आणि ज्या घरातून शंभर पाहुणे उपाशी परत पाठवतात आणि एकाला आत घेतात, त्या घराला आपण काय म्हणतो?"

"कंजूष!" मागून कुणीतरी म्हणाले.

"कंजूष! आणि तुम्ही त्यालाच मोठं घर म्हणता? आता मला सांग, वसंतात तुझी घोडी अडली तेव्हा दानियार कुठे होता? काचेच्या इमारतीत! आणि कोपरापर्यंत हात घालून शिंगरू कुणी बाहेर काढलं?"

मुकाय मांस चावत राहिला.

"मी विचारतोय, कुणी काढलं?"

"जिपारने," मुकाय ताटाला म्हणाला.

"मग! दारावर किती लोक रडतात त्यावर घर मोठं होत नाही. माझी मुलगी पशुवैद्यकलाच जाईल. आमच्या मनात पहिल्यापासून तेच होतं!"

जिपार थक्क होऊन बघत राहिली. आपला बाप इतके सुंदर बोलतो हे तिला माहीत नव्हते. बहुधा त्यालाही नव्हते. तोक्तोसून आजोबांनी दोन्ही तळहात उघडले, तसे सगळ्यांनी उघडले. "पोरीच्या हाताला यश येवो, तिच्या हाताखाली एकही जनावर न मरो. ओमीन." सगळ्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवले. आशीर्वाद पक्का झाला.

तेवढ्यात फोन गुरगुरला. चुलीच्या धुरामुळे काकूने खिडकी उघडायला लावली होती आणि जिपारचा फोन हातात धरून ती तिथेच उभी होती. ही खिडकी काकूच्या घराकडे उघडायची; वाऱ्याबरोबर तिकडची रेंजही आली असावी. तिने वाचले. डोळे विस्फारले. आणि आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत सवयीने ओरडली,

"सुयुंचू! राजधानीनेही घेतलं!"

सापारबेक उभाच होता. तो हळूहळू खाली बसला. ज्या बातमीसाठी वर्षभर त्याने वस्तीचे कान किटवले होते, ती आली होती, आणि त्याला हसताही येईना.

"अरे वा!" मुकाय सरसावून बसला. "मग आता काय, सापारबेक? कंजुषाच्या घरी पाठवणार का पोरीला?"

सापारबेकने आशेने मानाच्या जागेकडे पाहिले. "आजोबा, तो आशीर्वाद थोडा... इकडून तिकडे..."

"तळहात फिरवून झाले," आजोबा मेंढराच्या डोक्याचा कान कापत म्हणाले. "आता तो आशीर्वाद माझ्या दाढीतून कोण वेचून काढणार?"

"जिपार, बाळा," बाबांचा आवाज लोण्यासारखा झाला. "एकदा विचार तर कर. केवढं नाव आहे!"

"बाबा, तिथे जनावरांचा विषयच नाही. तुम्ही अर्ज केलात तेव्हा विषय कुठला ते पाहिलंत का?"

"नाव पाहिलं होतं," बाबा खाली बघत म्हणाले.

"मला व्यवस्थापन शिकवणार ते. कशाचं, तेही लिहिलेलं नाही. मी नाही जाणार. तुम्ही ओरडा, अबोला धरा, मला माळावर मेंढरांमागे पाठवा. मी नाही जाणार." तिने काकूच्या हातातून फोन घेतला, सगळ्यांसमोर 'जागा नको' या खुणेवर अंगठा ठेवला आणि दाबला.

"वेडी आहे ही!" मुकाय ओरडला. "अरे, लोक तिथे जागा मिळावी म्हणून रडतात! त्यांना नाही म्हणणारी हीच पहिली असेल!"

सलामतने डोळे मिटले. जिपार बाबांच्या आवाजाची वाट बघत उभी राहिली. पण सापारबेकच्या डोक्यात काहीतरी सावकाश फिरत होते. त्याने मान वर केली, डोक्यावरची कल्पाक टोपी सरळ केली.

"काय म्हणालास, मुकाय? पहिलीच?"

"पहिलीच! आणखी कोण करील असं?"

"हं," सापारबेक म्हणाला, आणि मानाच्या हाडांतले एक उचलून त्याने लेकीच्या ताटात ठेवले.

दुसऱ्या दिवशी बाजारात जिपार त्याच्या मागे पिठाची पिशवी घेऊन चालत होती. ओळखीचा एक खोगीरवाला हाक मारून म्हणाला, "काय सापारबेक, पोरीला नदीपलीकडे घातलंस म्हणे? आणि ते राजधानीचं मोठं विद्यापीठ?"

सापारबेकने खेदाने मान हलवली.

"त्यांनीही खूप प्रयत्न केला रे. पण आमच्याकडे फार पारखून घेतात. बिचाऱ्यांना प्रवेश मिळाला नाही."