घरतनानांची सर्व्हिसिंग

अनुदानाच्या पाहणीला नगरपालिकेच्या मॅडम येणार होत्या, म्हणून मी पनवेलमधल्या आजारी माणसांकडच्या व्हीलचेअर, वॉकर आणि कमोडच्या खुर्च्या एका सकाळी टेम्पोत घालून परत आणल्या. हे मी पूर्ण शुद्धीत असताना केलं.

ही सगळी मालमत्ता घरतनानांच्या रुग्णसाहित्य केंद्राची. केंद्र म्हणजे आमच्या बिल्डिंगखालचा एक गाळा. ज्याच्या घरी दुखणं आहे त्याने यावं, हवी ती वस्तू न्यावी, गरज संपली की आणून द्यावी. नाना न्हावा शेवा बंदरात क्रेनवर होते. आयुष्यभर परक्यांचे कंटेनर इकडचे तिकडे केल्यावर निवृत्तीनंतर त्यांनी हे काढलं. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून विचारलं की म्हणायचे, "पाळ्या बदलायच्या ना, राहून गेलं."

कुठलीही वस्तू स्वतः वापरून पाहिल्याशिवाय नाना बाहेर देत नसत. नवी कमोडची खुर्ची आली की गाळ्याच्या दारात तिच्यावर बसून पोहे खायचे. मार्केटातून वॉकर टेकत मासळी घेऊन यायचे. बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलेली माणसं माझ्याकडे हळूच चौकशी करायची, की काकांना नक्की काय झालंय. आणि गिऱ्हाईक कुरकुरलं की नानांचं ठरलेलं वाक्य, "मी बसून बघितलंय. तू पन बस."

रोज संध्याकाळी मात्र ते तेलाची झारी नि पाना स्कूटरला अडकवून 'सर्व्हिसिंग'ला निघायचे. आज टक्का गावात, उद्या रोडपालीत. दोन थेंब तेल घालायला या माणसाला दोन तास लागायचे. मी केंद्राचा चिटणीस. बँकेतून कारकून म्हणून निवृत्त झालेला, तरी नाना मला मॅनेजर म्हणत. मी मॅनेजरच्याच तोऱ्यात त्यांना सुचवलं होतं, की लोकांना फोन करायला सांगा, उगाच पेट्रोल जाळू नका. नाना हसले आणि स्कूटरला किक मारली.

तेव्हा आमची नगरपालिकाच होती, महापालिका व्हायची होती. त्या वर्षी सामाजिक संस्थांना अनुदान निघालं आणि आम्हाला ते हवंच होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या पाठीला जखमा होतात, त्यांना हवेची गादी लागते. आमच्याकडे एकच होती आणि पाच घरं तिची वाट पाहत होती. नानांना ते फार लागायचं. कुणी गादी मागायला आलं की ते आत जाऊन उगाच पाने लावत बसायचे.

पाहणीच्या सकाळी ते उरणला भाचीच्या हळदीला गेले होते. माझ्या डोक्यात बँक. साहेब रोकड मोजायला आला की तिजोरी भरलेली दिसली पाहिजे. मी घरोघर जाऊन सांगितलं, सरकारी काम आहे, संध्याकाळी परत. लोक गरीब बिचारे, दिलं.

दुपारी नाना आले. खचाखच भरलेला गाळा पाहून दारातच थांबले.

"मॅनेजर, सगलं आनलंस?"

"एक कुबडीसुद्धा बाहेर ठेवली नाही," मी म्हणालो.

मला वाटलं ओरडतील. ते एका खुर्चीवर बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मंग आज मी जाऊ कुठं?"

मी हसलो. नाना हसले नाहीत. "आज मोहल्ल्यात हमीदाखालेकडं जायाचं होतं. ती दोन कप चहा टाकते."

हमीदाखालाकडे आमचा वॉकर होता. दर आठवड्याला नाना त्याला तेल घालायला जायचे. त्या वॉकरला चाकं नाहीत, हे चिटणिसाच्या तेव्हा लक्षात आलं.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी गाळ्यावरून नजर फिरवली आणि विचारलं, "सगळं इथंच पडून आहे. मग वापरतं कोण?"

गाद्या गेल्याच, असं वाटलं. नाना उठले. म्हणाले, "वापरत्यात, बाय. यानं दाखवायला काढून आनलंय. तुमची पाहनी मंग करा. म्हातारीला न्हाणीत जायाचं आसंल." आणि वॉकर स्कूटरला बांधून निघूनसुद्धा गेले.

मॅडम माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "चला, दाखवा कुठं राहते ती म्हातारी."

आम्ही नानांच्या मागोमाग पोचलो, तेव्हा खाला खाटेवर बसून होती. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता; प्यायलं तर उठावं लागणार, आणि उठणार कशाच्या आधाराने? नानांनी वॉकर तिच्या पुढ्यात ठेवला, न्हाणीच्या दारापर्यंत सोबत केली आणि विचारल्याशिवाय आत जाऊन चहा ठेवला. साखर कुठल्या डब्यात आहे ते त्यांना शोधावं लागलं नाही.

गाद्या पुढे मिळाल्या. त्याचं श्रेय मी बराच काळ माझ्या अर्जाला देत होतो. पण मॅडमनी विचारलं होतं खालाला. केंद्राचं काम कसं आहे, काही तक्रार आहे का, म्हणून.

खालाने बशीतला चहा संपवला आणि माझ्याकडे बोट केलं.

"पैसे बेशक द्या, पण नानाच्या हातात. ह्या शहाण्यापासून तेवढं सांभाळा. उद्या पाहणीला माझी खाट नेईल, माझ्यासकट."