अध्यक्षांची चावी

कर्वेनगरच्या ‘मोहोर’ सोसायटीचे अध्यक्ष यज्ञेश्वर पेंडसे यांनी एका शुक्रवारी पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी दुसऱ्याच्या हातात द्यायचं ठरवलं. तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. पण पेंडसे ज्या ऑफिसात मॅनेजर होते, तिथे पाकिटांवर तिकिटंसुद्धा तेच चिकटवत. (शिपाई वाकडी लावतो.) सोसायटीच्या सभेत अध्यक्ष असूनही ते बहुतेक वेळ आत चहा गाळत असत, कारण दुसऱ्याने केला की तो पाणचट होतो. मग पाण्याचं काम कोणावर सोपवणार?

रोज सकाळी लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून ते गेटापाशी जात. जरा डावीकडे, मग उजवीकडे पूर्ण, शेवटी एक हलकी थाप. या चावीपायी ते कधी मुक्कामाला गेले नव्हते, आणि त्यांच्या पत्नी वासंतीबाईही.

“अहो, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे,” वासंतीबाई म्हणाल्या. “खडकवासल्याला मामेभावाचं घर रिकामं आहे. एक रात्र राहू.”

“आणि पाणी?”

“समोरच्या श्यामलाताईंना सांगा.”

“त्यांना शिकवत बसण्यापेक्षा आपण केलेलं बरं पडतं.”

“लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय मी,” त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. पेंडशांचा बायकोवर जीव होता. ते चावी घेऊन समोर गेले.

श्यामलाताईंनी सगळा धडा मुकाट्याने ऐकला. थाप कितपत हलकी, हे पेंडशांनी त्यांच्याच दारावर वाजवून दाखवलं.

“दार उघडंच आहे,” श्यामलाताई म्हणाल्या.

श्यामलाताईंना जमणार नाही, ही भीती पेंडसे चारचौघांत बोलून दाखवत होते. जमलं तर आपलं काय, ही दुसरी भीती मात्र त्यांनी बायकोलाही सांगितली नाही.

रविवारी सकाळी खडकवासल्याच्या ओसरीवर, कोवळ्या उन्हात, आरामखुर्चीत ते टेकले. समोर धरणाचं पाणी निवांत पसरलं होतं. हेच पाणी आपल्या टाकीत येतं, या विचाराने त्यांना फार आपलेपणा वाटला आणि बघता बघता डोळा लागला. स्वप्नात सगळं धरण उठलं आणि चालू लागलं. सिंहगड रस्त्याने, डाव्या बाजूने, शिस्तीत. (स्वप्न असलं तरी पेंडशांचं होतं.) ‘मोहोर’च्या गेटाशी येऊन त्याने अदबीने विचारलं, “साहेब आहेत का?” श्यामलाताई म्हणाल्या, “बाहेरगावी गेलेत.” “मग राहू दे,” म्हणत धरण हळूहळू माघारी वळलं. मागे सगळी सोसायटी रिकाम्या बादल्या घेऊन गॅलऱ्यांत उभी होती आणि एका सुरात म्हणत होती, पेंडसे, पेंडसे.

त्यांना इतकं गोड रडू आलं की जागच आली.

“वासंती, ऊठ, निघू या!”

“जेवून निघायचं ठरलं होतं,” वासंतीबाई म्हणाल्या. पण पेंडशांनी चपला घातल्याही होत्या. बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या.

सोसायटीत बादल्यांची रांग नव्हती. श्यामलाताई नळी लावून अंगण धूत होत्या.

“पाणी आलं?” पेंडशांनी विचारलं.

“नाही, हे गुलाबपाणी आहे.”

“थाप नीट बसली?”

“अगं बाई, चावी! दाराआडच राहिली. विसरलेच मी.”

“मग पाणी आलं कसं?”

“त्याला चावी कशाला? दिवाळीआधीच्या सभेत नवी लाइन थेट टाकीत न्यायची ठरली. टाकी भरली की आपोआप बंद होतं. तुम्ही आत चहा गाळत होता. तो जुना व्हॉल्व्ह आता नुसता फिरतो.”

“मग मला कोणी सांगितलं का नाही?”

“आम्हाला वाटलं, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला असेल.”

पेंडसे जिन्याच्या पायरीवर बसले. इतकं पोरकं त्यांना कधी वाटलं नव्हतं. वासंतीबाईंचाही राग विरघळला. त्या शेजारी टेकल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

“वासंती, मी चुकलो,” ते म्हणाले. “सकाळचा तो वेळ यापुढे तुझा. उद्यापासून मी स्वयंपाकघरात. फोडणी मी घालीन, पोळ्या मी लाटीन, डबेही मीच लावीन. तुला काही जमायचं नाही... म्हणजे, तू दमतेस.”

वासंतीबाईंचा हात थांबला. त्या तडक श्यामलाताईंच्या घरात शिरल्या, दाराआडची चावी उचलून आणली आणि नवऱ्याच्या खांद्यावर ठेवली.

“रोज फिरवत जा. सावकाश,” त्या म्हणाल्या. “आणि ही आता कोणाच्याही हातात द्यायची नाही.”