ओली बाळंतीण

आमच्या मखमलाबादच्या गल्लीत शेळी व्यायली, मांजर व्यायली, तरी जिजाक्का डिंकाचे लाडू वळायला घेतात. तीस वर्षं त्या एका प्रसूतिगृहात आया होत्या. निवृत्त झाल्यात म्हणे. माझ्या मते फक्त पगार बंद झालाय.

मागे मी माझ्या भाजीच्या शेडमधलं खोकं उघडलं, तर आत उंदरीण. माझ्याच लग्नाच्या उरलेल्या पत्रिका कुरतडून बाईंनी गादी केलेली आणि त्यात आठ पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेली. मला बघून ती पळाली. मी खोकं उचलून नाल्याकडे निघालो.

"ठेव खाली," कुंपणापलीकडून आक्का म्हणाल्या. "ओली बाळंतीण हाय ती."

"आक्का, मेथीचं बी खातेय ती माझं."

"मंग? दूध काय हवेतून येतं?"

या बाईपुढे कोणाचं चाललंय? मी खोकं जागेवर ठेवलं. त्या गडबडीत एक पिल्लू जमिनीवर पडलं, ते उचलायला गेलो तर आक्का कडाडल्या, "हात नको लावू! माणसाचा वास लागला तर घेणार नाय ती."

पण माझं बोट लागलं होतं. मग आक्का कुंपणाला वळसा घालून आल्या आणि आम्ही दोघं दाराशी क्रेट उपडे घालून बसलो. पिल्लू वळवळत होतं, आई येईना. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांच्या मंदाची चौकशी केली. एकुलती एक लेक, मनाने लग्न करून इगतपुरीला गेलेली. दोन वर्षं मायलेकींत बोलणं नव्हतं.

"सातवा लागलाय तिला, लोकांकडून कळलं," आक्का म्हणाल्या. "फोन आलता. म्या उचलला नाय. परत दारात येऊ नको, असं म्याच बोलले होते ना."

तेवढ्यात उंदरीण आली. पिल्लाला हुंगलं, अलगद तोंडात धरलं, गादीत नेऊन चाटायला लागली.

"घेतलं बाईनं," आक्का पुटपुटल्या आणि पदराने डोळे पुसले. मग हुकूम सुटला, सव्वा महिना शेडला कुलूप. उंदरांचा सव्वा महिना तीन आठवड्यांत उरकतो हे त्यांना कोण सांगणार? पुढे कुलूप काढलं तेव्हा पोरं मोठी होऊन पसार झाली होती, आणि बीही.

पण त्या दिवशी आक्कांनी तिथेच माझ्यापुढे मोबाईल धरला. "मंदाला लाव. माझ्या चष्म्याला दिसत नाय." चष्मा त्यांच्या नाकावरच होता. मी लावला. पलीकडून हॅलो आलं. आक्कांनी मोबाईल माझ्या हातातून ओढून कानाला लावला आणि म्हणाल्या,

"मंदे, पहिलं बाळंतपण माहेरी असतं. उद्या येते तुला न्यायला."