शॉवर ट्रे : हरकती व सूचना

कोणतंही काम बिघडवायला एकटा माणूस पुरतो. तेच रीतसर बिघडवायचं तर समिती लागते. दादरच्या हेमचंद्र कर्णिकांना हे सत्य पस्तीस वर्षांच्या नोकरीत उमगलं होतं. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावरही त्यांनी शिस्त सोडली नाही. घरात झुरळांचं औषध मारायचं तरी आधी टिपणी लिहायचे. (तोवर झुरळांची पुढची पिढी कर्ती व्हायची, पण टिपणी बिनचूक असायची.)

प्रश्न होता त्यांच्या पत्नीच्या, मीनाक्षीबाईंच्या अंघोळीचा. फेब्रुवारीत त्या बाथरूममध्ये घसरल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून उजवा पाय जमिनीपासून चार बोटांच्या वर काही उचलेना. बाथरूममधल्या मोरीचा कठडा वीतभर. त्यामुळे त्या रोज सकाळी काखेत टॉवेल आणि हातात साबणाची डबी घेऊन शेजारच्या कांताचं दार वाजवायच्या. तिच्याकडे कठडा नव्हता. कांता बिचारी कधी काही बोलली नाही, आणि म्हणूनच मीनाक्षीबाईंना जास्त लाज वाटायची. स्वतःचं घर असून अंघोळीला दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं, हे त्यांच्या जिवाला फार लागलं होतं.

मुलगा यशोधन म्हणाला, कठडा काढून शॉवर ट्रे बसवू या, म्हणजे उभं राहून अंघोळ करायचं उथळ ताट, पाय घसरणार नाही असं. सल्ला चांगला होता. त्यामुळे समिती नेमणं भागच पडलं.

अध्यक्ष हेमचंद्र, सचिव यशोधन, तज्ज्ञ सदस्य सून वल्लरी. (तिच्या फोनमध्ये दोनशे चौदा बाथरूमचे फोटो होते.) मीनाक्षीबाईंना ‘लाभार्थी’ असा मानाचा दर्जा मिळाला. लाभार्थ्याला बैठकीत मत नसतं, पण चहा त्यानेच करायचा असतो. रंगावर चार बैठका झाल्या. पांढरा की हस्तिदंती, यावर बापलेकांत दोन दिवस अबोला होता. पाण्याची जाळी ईशान्येला हवी, असं वल्लरीच्या माहेरून कळलं. पाइप नेमका नैर्ऋत्येला निघाला. तेव्हा पाण्याने ईशान्येकडे तोंड करून नैर्ऋत्येला जावं, असा सुवर्णमध्य काढण्यात आला.

मग फ्रिजवर चुंबकाखाली नोटीस लागली : ‘विषय : शॉवर ट्रे. हरकती व सूचना सात दिवसांत लेखी कळवाव्यात.’

तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता मीनाक्षीबाई म्हणाल्या, “अहो, त्याची उंची तेवढी बघा हं. माझा पाय चार बोटंच उचलतो.”

हेमचंद्रांनी नीट ऐकलं. तोंडी हरकत विचारात घेता येत नाही, हेही त्यांनी अगदी मायेने समजावलं. मेलं, घरातल्या घरात काय अर्ज लिहीत बसायचं, असं म्हणून मीनाक्षीबाईंनी पुढची पोळी लाटायला घेतली. सात दिवस संपले. आलेल्या हरकती : शून्य. इतकं एकमत त्या घरात लग्नाच्या मुहूर्तावरही झालं नव्हतं.

लाभार्थ्याला दगदग नको, म्हणून परळच्या दुकानात हेमचंद्र एकटेच गेले. बूट काढून ते एका ट्रेमध्ये उभे राहिले आणि डोळे मिटून त्यांनी भर दुकानात कोरडी अंघोळ केली. साबण लावला, पाठ चोळली, कानामागेही विसरले नाहीत. ‘कोपर कुठेही अडत नाही’ अशी नोंद झाली आणि ट्रे पसंत पडला.

बसवायला राकेश प्लंबर आला. त्याने कठडा काढला, पाइपकडे बघितलं, डोकं खाजवलं. “काका, सोसायटी स्लॅब फोडू देत नाही. पाइप ट्रेच्या खालूनच जाणार. विटा लावून ट्रे वर घ्यावा लागेल.”

हेमचंद्रांनी फाइल चाळली. रंग होता, दिशा होती, कोपर होतं. उंचीबद्दल कुठेही काही नव्हतं, म्हणजेच कोणाची हरकत नव्हती. त्यांनी मंजुरी दिली. कठडा वीतभर होता; ट्रे वीत आणि वर तीन बोटं झाला.

उद्घाटनाला नारळ फुटला. मीनाक्षीबाई नवा टॉवेल घेऊन पुढे झाल्या. उजवा पाय उचलला, चार बोटं, आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. मग त्यांनी हस्तिदंती रंगावरून हळूच हात फिरवला.

“छान आहे हो,” त्या म्हणाल्या, आणि साबणाची डबी घेऊन कांताकडे गेल्या.

हेमचंद्रांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. त्या सकाळी त्यांना चहा गेला नाही. दुपारी त्यांनी ट्रेसमोर पायरी बांधण्यासाठी उपसमिती नेमली.

वाचकहो, हसा खुशाल. चार बोटं तुम्हाला दुसऱ्या परिच्छेदातच सांगितली होती, आणि पुढे मीनाक्षीबाईंनी स्वतः पुन्हा सांगितली. तेव्हा तुम्ही कुणाची बाजू घेतलीत? तुम्ही जाळीच्या दिशेत रमलात, परळच्या दुकानात रमलात. तुमच्याकडूनही लेखी काही आलेलं नाही. हरकत नसलेल्यांची यादी फाइलला जोडली आहे. पहिलं नाव मीनाक्षीबाईंचं आहे. त्याखाली तुमचं.