मागेही मऊ, पुढेही मऊ

"बाबा, रविवारी हरा," ताट पुढे ओढत मुलगी म्हणाली आणि चष्मेवाल्यांच्या घशात घास अडकला.

चष्म्यांचं दुकान सांभाळून हे गृहस्थ रविवारी क्लबाच्या हॉलमध्ये रिमोटच्या गाड्या पळवत. ट्रॅक गालिच्याचा. गालिचा चाकांना घट्ट धरतो, म्हणून गाडीच्या स्प्रिंगा कडकच हव्यात, असं बाकी झाडून सगळे म्हणत. चष्मेवाले मात्र मऊ स्प्रिंगांवर ठाम होते. "गाडीला कसं, ऐसपैस बसता आलं पाहिजे!" नवा माणूस दिसला की त्याला कोपऱ्यात घेऊन ते हे ऐकवत. त्यांची स्वतःची गाडी दर वळणावर कलंडायची, ही गोष्ट वेगळी. त्याला कधी बॅटरी जबाबदार असे, कधी टायर, एकदा तर खिडकीतलं ऊन.

या रविवारी गाठ होती दातांच्या डॉक्टरांशी. डॉक्टर क्लबातले पट्टीचे खेळाडू आणि, सगळं जमलं तर, चष्मेवाल्यांचे होणारे व्याही.

"ते हरले की आठवडाभर घरात कुणाशी बोलत नाहीत," मुलगी म्हणाली. "आणि शर्यतीनंतर ते आपल्याकडेच येणारेत, लग्नाचं बोलायला. तिथे बिनसलं तर माझं काय हो, बाबा?" तिचे डोळे भरून आले.

"अहो, नेहमीसारखं खेळा, म्हणजे झालं," बायकोने तोडगा सुचवला.

"नेहमीसारखं? अगं, नेहमीसारखं खेळलो तर जिंकेन ना! या वेळी गाडी अशी जमून आलीय, विचारू नकोस!"

बायकोने काही विचारलं नाही.

पोरीसाठी माणूस काय करत नाही! चष्मेवाल्यांनी खणाच्या तळातून सगळ्यात कडक स्प्रिंगा शोधून काढल्या आणि चारही चाकांना बसवल्या. गाडी वरून दाबून पाहिली, ती तसूभरही हलेना. "पहिल्याच वळणाला उडून बाहेर पडेल," ते समाधानाने म्हणाले. "हरायचं तर तेसुद्धा शास्त्रशुद्ध हरायचं."

शिट्टी झाली. गाडी पहिल्या वळणावरून सुतासारखी सरळ निघाली. दुसऱ्यावरूनही. चष्मेवाल्यांना घाम फुटला. त्यांनी वेग कमी केला, तर मागून येणारी डॉक्टरांची गाडी त्याच वळणावर धाडकन उलटी! कुणीतरी धावत जाऊन ती सरळ केली. चष्मेवाले थांबले, वाट पाहिली. गाडी आली आणि पुन्हा उताणी.

"अहो डॉक्टर, सांभाळा की जरा!" ते कळवळून ओरडले.

आता चष्मेवाल्यांनी आपली गाडी मुद्दाम कडेच्या फळीवर घातली. ती मेली फळीला घासून जास्तच सरळ धावली आणि शर्यत जिंकून मोकळी झाली.

टाळ्या पडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पडल्या, पण चष्मेवाल्यांना त्या गोड लागेनात. समोर बायकोशेजारी मुलगी रडवेल्या चेहऱ्याने उभी होती आणि डॉक्टर हातात गाडी घेऊन तरातरा इकडेच येत होते.

"अभिनंदन, व्याही!" डॉक्टरांनी त्यांना कडकडून मिठी मारली.

व्याही! मुलीचा जीव भांड्यात पडला.

"आता घरचेच झालात, लपवायचं कशाला?" डॉक्टर हसत म्हणाले. "आमच्या चिरंजिवांनी बजावलं होतं, तिच्या बाबांना एकदा तरी जिंकू द्या. पण मुद्दाम हरायचं कसं, मला कुठे ठाऊक? मग तुमचाच सल्ला आठवला. स्प्रिंगा मागेही मऊ, पुढेही मऊ. काम फत्ते!"

मुलीने मान फिरवली. बायकोने तोंडावर हात दाबला, तरी खुदकन आवाज आलाच. चष्मेवाल्यांनी छाती पुढे काढली आणि विजयाने बायकोकडे पाहिलं.

"बघितलंस? मी म्हणत नव्हतो? शेवटी जिंकलो ते मऊ स्प्रिंगांमुळेच!"