एकाच ओठाला दात असलेली कवडी

हाके मास्तरांच्या खाटेखालचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा निघाला, आणि मास्तर होते तिथेच खाली बसले. डब्यात त्यांच्या धाकट्या भावाने, गुंडाने, पाठवलेल्या कवड्या होत्या. गुंडा निकोबारमधल्या एका बेटावर दीपगृहात नोकरीला होता. सोलापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या भावासाठी तो समुद्री गोगलगायींची कवचे वेचायचा. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात तो तिकडेच तापाने गेला. माणूस आला नाही, डबा आला.

तेव्हापासून मास्तर कवड्यांच्या जाती ठरवत बसले होते. रडायचे त्यांनी काम संपेपर्यंत पुढे ढकलले होते. बाकी सगळ्यांची नावे पुस्तकात सापडली, एक मात्र कुठेच बसेना. कवडीच्या फटीच्या दोन्ही ओठांना दात असतात, हिच्या एकाच ओठाला होते. कलकत्त्याच्या तज्ज्ञांनी कळवले होते की जात नवी दिसते, नमुना पाठवा. नव्या जातीला मास्तर गुंडाचे नाव देणार होते.

"आये, डब्यातल्या कवड्या कुटं हायत?"

"फुलाबाईला दिल्या," केराबाई भाकरी थापत म्हणाल्या. फुलाबाई म्हणजे मंगळवारी दारावर जोगवा मागायला येणारी आराधीण.

"दिल्या?"

"कवडी देवीची असती. खाटंखाली कोंडून ठेवत्यात व्हय? पोराचं वरीस झालं, त्याच्या नावानं दिल्या."

"त्यातल्या एकीला गुंडाचं नाव द्यायचं हुतं. तुला सांगितलं हुतं की मी."

"गोगलगाईला माज्या पोराचं नाव? त्यो पळायला लई चपळ हुता."

मास्तरांनी सायकल काढली. अक्कलकोट रोडला यंत्रमागांच्या शेडमागे फुलाबाईची खोली होती. खोलीला कुलूप होते आणि बाई तुळजापूरला गेली होती. मास्तर रोज कॉलेज सुटले की त्या कुलपाचे दर्शन घेऊन येऊ लागले.

शेवटी एकदा बाई भेटली. गळ्यात नवी माळ, आणि माळेच्या मधोमध ती कवडी. भोक पाडलेली, हळदीने पिवळी झालेली.

"मावशी, तेवढी एक मला परत द्या. बदल्यात दुसऱ्या देतो."

"देवीच्या पायाला लागून आली, मास्तर. आता माळ तोडता येत न्हाय. मी मेले की न्या."

"वय काय तुमचं?" मास्तरांच्या तोंडून निघून गेले.

"साठ असंल. पण आमची आई नव्वद जगली."

तेव्हापासून दर मंगळवारी मास्तर दारात भिंग घेऊन उभे राहू लागले. फुलाबाई आली की वाकून कवडीचे दात बघायचे, मोजमाप घ्यायचे, चित्र काढायचे. वाकलेल्या कपाळाला ती कुंकू लावायची. मास्तर देवाला लागले अशी गल्लीत बातमी झाली आणि केराबाईंना जरा बरे वाटले.

चित्रे कलकत्त्याला गेली. नमुना कुठे ठेवला आहे, अशी तिकडून विचारणा आली. मास्तर खोटे बोलणारे नव्हते. त्यांनी लिहिले, "एका आराधिणीच्या गळ्यात. मंगळवारी आमच्या दारात कोणालाही पाहता येईल." अशा नमुन्यावर जातीला नाव देता येत नाही, असे उत्तर आले. विषय संपला.

त्यानंतरच्या मंगळवारी मास्तर सवयीने भिंग घेऊन दारात गेले. फुलाबाई अजून शेजारच्या म्हाळसाबाईंच्या दारात होती.

"आई राजा उदो उदो. गुंडाच्या नावानं जोगवा वाढा, माय."

म्हाळसाबाईंनी परडीत पीठ घातले. फुलाबाई मास्तरांच्या दारात आली.

"मावशी, त्याचं नाव दुसऱ्याच्या दारात?"

"समद्याच दारात घेती की. कवडी ज्याची, नाव त्याचं. केराबाईनं तसंच सांगून दिलीया."

मास्तर वाकले आणि त्यांनी भिंग धरले. कवडीचे दात दिसेनात.

"भिंग पुसा की, मास्तर," फुलाबाई म्हणाली.

मास्तरांनी भिंग धोतराने स्वच्छ पुसले. तरी दिसेनात.