दात आलेल्या बाळाचं बारसं

वाचनालय काढायचं तर सभा हवी, आणि निजामाच्या राज्यात सभेला इजाजत हवी. ती काही मिळेना. म्हणून गिरिधर वकिलांनी जालन्यातल्या आपल्या अंगणात सभेऐवजी बारसं ठरवलं. घुगऱ्या शिजल्या, पाळण्याला झेंडू लागला, आणि महिनाभर आरशापुढं घोटलेलं वकिलांचं पहिलंवहिलं भाषण कोटाच्या खिशात धडधडू लागलं. उणीव होती ती फक्त बाळाची.

शेजारच्या सोनूबाईनं आपला पुंजाराम दिला. "पर जल्दी उरका, ताराबाई," ती वकिलांच्या बायकोला म्हणाली, "भूक लागली का लई बोंबलतंय."

अंगण माणसांनी भरलं. वकील खाकरून उभे राहतात तोच दारात पोलीस ठाण्याचे जमादार धर्मराज!

"बारसं हाय म्हणं, वकीलसाहेब. म्हणलं, लेकराचं तोंड बघावं."

ते थेट पाळण्याशी बसले. पुंजाराम पाळण्यात उठून बसला आणि त्यांची मिशी धरून खदखदून हसला.

"आँ? याला तर दोन दात आले! अन् बारसं आता करून राह्यले?"

"अंगण वकिलांचं, लेकरू माझं. आमच्या टेंभुर्णीकडं दात बघूनच नाव ठिवत्यात," सोनूबाई बोलली.

"आसंल. पर समदे गडीच दिसून राह्यले. मंग पाळणा कोण म्हणणार?"

वकिलांचा हात खिशातल्या कागदावरच थिजला. तारानं पदर खोचला. महिनाभर भाकरी थापता थापता ते भाषण तिलाही पाठ झालं होतं.

"अहो, दोरी धरा."

"मी?"

"मग काय जमादारसाहेब धरतील?"

वकिलांनी दोरी धरली. तारानं सूर लावला :

"नीज रे तान्ह्या, मोत्यांच्या माळा,
तुझ्या मायबोलीची मांडू या शाळा, जो बाळा जो जो.
झबल्याला तुझ्या ग झालर चौपदरी,
पुस्तकांचं कपाट येऊ दे दारी, जो बाळा जो जो."

सूर ऐकून गल्लीतल्या बाया पदर सावरत आत आल्या आणि 'जो जो' झेलू लागल्या. भाषणातला एकेक मुद्दा झबलं-टोपडं घालून बाहेर पडला. वकिलांनी जिथं टाळ्यांसाठी थांबायचं ठरवलं होतं, नेमका तिथं पुंजाराम झोपला.

"काय ग्वाड पाळणा!" जमादारांनी डोळे टिपले, रुमालात घुगऱ्या बांधल्या आणि गेले.

आठवड्याभरात ते पुन्हा दारात. वकिलांनी खिशातला कागद आणखी खोल सारला.

"माझ्या लेकीला ल्योक झाला," जमादार लाजत म्हणाले. "ऐतवारी बारसं हाय. बाईंनी त्योच पाळणा म्हणायचा, बिलकुल त्योच. अन् त्या दिवशीची समदी माणसं घिऊन या."

वकिलांचा चेहरा उजळला. सभा, तीही जमादारांच्या घरी! हात आपसूक खिशाकडं गेला.

"मग मीही दोन शब्द बोललो तर?"

"न्हाई न्हाई, लेकरू जागं हुईल," जमादार घाईनं म्हणाले. "तुमी दोरीच वढा, वकीलसाहेब. दोरी तुमची लई बराबर हाय."